वल्ही, कवायत आणि रेवसची वाट

१७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसकडे निघाली, तेव्हा स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणजे गटारीचा. मुंबईत नोकरीधंद्याला असलेले कुलाबा जिल्ह्यातले चाकरमाने सणासाठी घरी निघाले होते. अमावास्या म्हणजे उधाणाची भरती, आणि त्यात भर पावसाळा. मुंबईपासून फार दूर नव्हे, गल आयलंड नावाच्या लहानशा बेटाजवळ वारा-पावसात बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली, आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांतले बरेचसे रेवसच्या कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले. जाळ्यातली मासळी पाण्यात टाकून त्यांनी माणसे होडीत घेतली, असे त्या बाजूला आजही सांगतात. ज्या कंपनीची ती बोट होती तिला लोक आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध स्वदेशी भावनेतून ती निघाली होती, आणि संतांची नावे बोटींना देण्याची तिची पद्धत होती.

याच वर्षाच्या मार्च महिन्यात दिल्लीत एक अहवाल सादर झाला होता. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर १९४६ मध्ये नेमलेल्या समितीने शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांसाठी देशव्यापी छात्रसेना उभारावी अशी शिफारस केली होती. तिच्यातून पुढे राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी, जन्मली आणि १९५२ मध्ये तिचा नौदल विभाग सुरू झाला. चार महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. कोणी तो जोडल्याचे आमच्या वाचनात नाही. तो का जोडला गेला नाही, हा या लेखाचा विषय आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. हा लेख लिहिणारे आम्ही दोघेही महाविद्यालयात असताना नौदल विभागाचे छात्र होतो. पांढरा गणवेश, गोल टोपी आणि रविवारची परेड यांविषयी आम्हांला अजूनही ममत्व आहे. तेव्हा पुढे जी टीका येईल ती घरातल्या माणसाने केलेली आहे असे वाचकांनी धरून चालावे.

मराठीत समुद्राविषयी लिहायला बसले की लेखणी आपोआप सिंधुदुर्गाकडे वळते. शिवरायांचे आरमार, कान्होजी आंग्रे, आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण, आणि मग एकदम आजचे नौदल. मधली अडीचशे वर्षे आपण एका उडीत ओलांडतो. त्या मधल्या काळात समुद्र आपल्या पांढरपेशा समाजाच्या हातून पार निसटला होता. सिंधुबंदीचा धार्मिक धाक होता हे खरेच, पण त्याहून मोठे कारण असे की किनाऱ्यावरचा धंदा आणि जहाजांवरचे अधिकारीपद दोन्ही परक्या कंपन्यांच्या हाती गेले, आणि दर्यावर जाणारा माणूस उरला तो कोळी, भंडारी, खारवी, दालदी. त्याच्याकडे होडी होती, वारा-पाण्याचे ज्ञान होते. शाळा मात्र नव्हती.

५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ही तारीख आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. जहाज आपले झाले, पण त्यावरचे अधिकारी कुठून आणायचे? त्या काळच्या मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदी मुलांना अधिकारी म्हणून तयार करण्याची मागणी लावून धरली गेली आणि १९२७ मध्ये माझगावच्या समोर 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज नांगरले गेले. व्यापारी जहाजांवर जाऊ इच्छिणाऱ्या हिंदी मुलांची ही पहिली शाळा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन प्रवासी बोटी वादळात एकाच दिवशी बुडाल्या. डफरिन आणि तुकाराम यांचाही एकमेकींशी संबंध नाही. असा संबंध नसण्याची आपल्याकडे जुनी परंपराच आहे म्हणायची.

डफरिनची मुले व्यवसायासाठी शिकत होती. स्वयंसेवक म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी, आणि ती जमिनीवर सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, विद्यापीठांतून 'युनिव्हर्सिटी कोअर' उभी राहिली. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्याने तिचे 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' झाले, आणि १९४२ मध्ये त्यात 'ऑफिसर्स' हा शब्द घालून नाव आणखी लांबवले गेले. सरकारला हवे होते सैन्याला अधिकारी, आणि विद्यार्थ्यांना, निदान त्यांच्यातल्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना, हवे होते शस्त्राचे शिक्षण, जे एरवी मिळण्याची शक्यता नव्हती. दोघांचे हेतू वेगळे असले तरी कवायत एकच होती. तिच्यात पाण्याला जागा नव्हती.

फेब्रुवारी १९४६ मध्ये कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेत खलाशांनी बंड पुकारले आणि चार-पाच दिवस मुंबई बंदर त्यांच्या हातात होते. त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्यांत कामगारांबरोबर विद्यार्थीही होते. मुंबईतल्या महाविद्यालयीन तरुणाने नौदलाच्या माणसाला इतक्या जवळून पाहण्याचा बहुधा तो पहिलाच प्रसंग. कुंझरू समिती नेमली गेली ती त्याच वर्षी. यावरून कार्यकारणभाव काढण्याचा मोह आम्ही टाळतो.

१९४८ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला, १५ जुलैला संघटनेचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला, १९५० मध्ये हवाई आणि १९५२ च्या जुलैमध्ये नौदल विभाग. उद्दिष्टे तीन होती: तरुणांत चारित्र्य, बंधुभाव, सेवावृत्ती आणि नेतृत्व वाढवणे, संरक्षणाविषयी आस्था निर्माण करणे, आणि गरज पडल्यास सैन्याला झटपट वाढता यावे म्हणून संभाव्य अधिकाऱ्यांचा साठा करणे. 'सेवावृत्ती' हा शब्द पहिल्याच उद्दिष्टात आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण अभ्यासक्रम लिहायला माणसे बसतात तेव्हा उद्दिष्टांतला जो शब्द मोजता येतो तोच अभ्यासक्रमात उतरतो. सेवावृत्ती मोजता येत नाही, कवायत येते.

तरीही नौदल विभागाचा अभ्यासक्रम तिन्ही विभागांत सर्वांत रसाळ होता असे आमचे मत आहे, आणि त्यावर वाद घालायला आम्ही तयार आहोत. दोरखंडाच्या गाठी: रीफ नॉट, बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड. बोलाइन ही पाण्यात पडलेल्या माणसाच्या कमरेला टाकायची गाठ. ती ओढली तरी आवळत नाही आणि काम झाल्यावर सहज सुटते. सेमाफोर, म्हणजे दोन हातांत दोन झेंडे घेऊन अक्षरे दाखवणे. मोर्स. नांगराचे भाग. जहाजांच्या प्रतिकृती बनवणे. आणि ज्यासाठी मुले इतर सारे सोसत ते होडी वल्हवणे. नौदलाची व्हेलर होडी सत्तावीस फुटी असते. तिला पाच वल्ही, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन, शिवाय सुकाणूवर एक जण. 'गिव्ह वे टुगेदर' अशी आज्ञा झाली की पाचही पाती एका वेळी पाण्यात गेली पाहिजेत आणि 'ओअर्स' म्हटल्याबरोबर एका रेषेत थांबली पाहिजेत. पाचांतला एक जरी चुकला तरी त्याचे वल्हे पाण्यात अडकते आणि मूठ उलटून त्याच्याच छातीवर बसते. शिस्त म्हणजे काय हे आम्हांला परेडच्या मैदानापेक्षा त्या मुठीने अधिक शिकवले.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आमची तुकडी एका खाडीच्या तोंडाशी सरावाला जात असे. गाव आणि धक्का सांगत नाही. एका रविवारी आम्ही वल्हवत पुढे गेलो आणि परत फिरलो तेव्हा होडी काही केल्या धक्क्याकडे सरकेना. ओहोटीची ओढ लागली होती. पाचही वल्ही अगदी एका लयीत चालली होती, पाहणाऱ्याला चित्र मोठे देखणे दिसले असते, आणि होडी मात्र हळूहळू मागे जात होती. आमच्यापैकी कोणाच्याही अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. ती खोलीत कुलूपबंद असत, कारण हरवली तर हिशेब द्यावा लागे. शेवटी बाजूने जाणाऱ्या एका मचव्याच्या तांडेलाने दोर टाकला आणि आम्हांला ओढून आणले. धक्क्यावर उतरल्यावर त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला एवढेच विचारले की आज तिथी कोणती. आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. मग त्यांनी आम्हांला तो हिशेब सांगितला जो कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, तेव्हापासून सहा तासांनी ओहोटीचा तळ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी जितके चढते तितकेच जोराने उतरते. आमच्या वहीत मोर्सची सव्वीस अक्षरे होती, आणि ही एक ओळ नव्हती. आमचे प्रशिक्षक नौदलातले, मोठे सज्जन आणि कामात वाकबगार होते. त्यांनाही दोष देता येत नाही. मोठ्या जहाजावरचा माणूस भरतीचे कोष्टक छापील पुस्तकात पाहतो. आम्हांला पुस्तकही दिलेले नव्हते आणि तांडेलाकडेही पाठवलेले नव्हते.

त्या तांडेलांची नातवंडे आमच्या महाविद्यालयात नव्हती. हे आम्हांला तेव्हा खटकले नाही, आता खटकते. नौदल विभागाची आमची तुकडी ही महाविद्यालयीन मुलांची. त्यामुळे होडी शिकायला येणारा मुलगा तो, ज्याच्या घरात होडी नाही. ज्याच्या घरात आहे तो दहावीच्या आत दर्यावर गेलेला असे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपूर-भोपाळसारख्या शहरांतही नौदल विभागाच्या तुकड्या आहेत आणि तिथे तलावालाच समुद्र मानून सराव चालतो, याची आम्ही थट्टा करत असू. ती थट्टा चुकीची होती, कारण माणसे तलावातही बुडतात. त्याविषयी पुढे.

इथे तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घ्यावेसे वाटते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाला 'ऑक्झिलरी' नावाची बिनपगारी नागरी शाखा आहे. तिच्या जन्मकथेत एक लेखक आहे, म्हणून या पानांवर ती सांगायला हरकत नाही. माल्कम स्टुअर्ट बॉयलन हा हॉलिवूडमध्ये चित्रपटांसाठी लेखन करणारा गृहस्थ. लेखक मंडळींच्या एका नौकाविहार क्लबाचा तो प्रमुख होता. १९३४ मध्ये त्याने तटरक्षक दलाच्या एका अधिकाऱ्याला पत्र लिहून सुचवले की हौशी नौकामालकांची एक राखीव संघटना दलाने उभारावी. १९३९ च्या जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसने तसा कायदा केला. दोनच वर्षांत, १९४१ मध्ये, तिचे दोन भाग झाले: लष्करी स्वरूपाची 'रिझर्व्ह' आणि नागरी 'ऑक्झिलरी'. जर्मन पाणबुड्या १९४२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापारी जहाजे बुडवू लागल्या तेव्हा हौशी लोकांच्या शिडाच्या नौका पहाऱ्यावर निघाल्या. शिडाच्या नौकेला इंजिनाचा आवाज नसतो, हा तिचा फायदा. हंफ्री बोगार्टसारखा नटही या ऑक्झिलरीत होता.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग युद्धानंतरचा आहे. युद्ध संपल्यावर अशा संघटना एकतर विसर्जित होतात किंवा संचलनापुरत्या उरतात. ऑक्झिलरीने स्वतःला एक साधे, जवळजवळ नीरस काम लावून घेतले: सामान्य माणसाला होडीत सुरक्षित कसे राहावे हे शिकवणे. १९५८ पासून तिथे दरवर्षी सुरक्षित नौकानयनाचा राष्ट्रीय सप्ताह पाळला जाऊ लागला, १९७१ मध्ये नौका-सुरक्षेचा व्यापक कायदा झाला. ऑक्झिलरीचा सदस्य धक्क्यावर जाऊन खाजगी होडी तपासतो. जाकिटे पुरेशी आहेत का, विझवणी आहे का, दिवे लागतात का. तपासणी फुकट, मालकाच्या संमतीने, आणि दोष आढळला तर दंड नाही. दंडाचा अधिकारच त्याला नाही, म्हणून मालक त्याला होडीवर येऊ देतो. २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या 'सिटाडेल' या लष्करी पद्धतीच्या महाविद्यालयात ऑक्झिलरीची विद्यार्थ्यांसाठी पहिली तुकडी निघाली आणि तिथून हा उपक्रम इतर विद्यापीठांत पसरला. विद्यार्थी शिकतात ते होडीवरचे खलाशीपण, रेडिओवरचा पहारा, होड्यांची तपासणी, लोकांना वर्ग देणे. तटरक्षक दलात नोकरी मिळवण्याची पायरी म्हणून बरेच जण तिकडे जातात, हेही खरे. त्यात आम्हांला गैर काही दिसत नाही.

तुलना लंगडी आहे हे आम्ही जाणतो. तिथे होडी ही मध्यमवर्गाच्या अंगणात उभी असलेली वस्तू आहे, आणि ऑक्झिलरी ही मुळात होडीमालकांनी होडीमालकांसाठी काढलेली संघटना. आपल्याकडे होडी हे एका समाजाचे पोट आहे आणि दुसऱ्यांची गैरसोयीची बस. तिथले प्रारूप उचलून इथे आणता येणार नाही. परंतु एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. त्यांच्या तटरक्षक दलाचे वार्षिक आकडे वर्षानुवर्षे हेच सांगतात की नौका-अपघातात बुडून मेलेल्या दर पाचांपैकी चारांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नव्हते. हा आकडा पाहून त्यांनी शौर्याचे धडे न देता जाकिटाचे दिले, आणि ते देण्यासाठी वीस वर्षांच्या मुलांना धक्क्यावर पाठवले.

आपल्याकडे नेमक्या याच वळणावर रस्ता दुभंगला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये छात्रसेना महाविद्यालयीन मुलांना सक्तीची झाली. मैदाने भरली. लाकडी रायफली हजारांनी करता येतात. होड्या, धक्के आणि होडी शिकवणारी माणसे तशी होत नाहीत, तेव्हा सक्तीचा अर्थ जमिनीवरची कवायत एवढाच राहिला. मुलांना तिचा कंटाळा आला, काही ठिकाणी राग आला. कोठारी आयोगाने शिक्षणात समाजसेवेला स्थान द्यावे असे सुचवले, १९६८ मध्ये छात्रसेना पुन्हा ऐच्छिक झाली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ज्यांना गणवेश हवा त्यांनी इकडे जावे, ज्यांना सेवा हवी त्यांनी तिकडे. कागदावर ही वाटणी निर्दोष दिसते. प्रत्यक्षात असे झाले की होडी, दोर आणि वल्ही छात्रसेनेकडे राहिली, आणि गावात जाऊन लोकांना काही शिकवण्याचे काम सेवा योजनेकडे गेले. सेवा योजनेच्या शिबिरांनी रस्ते केले, झाडे लावली, बंधारे घातले, रक्तदान घडवले. तिच्याविषयी आम्ही हलके बोलणार नाही. पण नदीकाठच्या गावात शिबिर भरले तरी नदीविषयी काही शिकवावे हे तिच्या कक्षेत नव्हते, आणि ज्यांना ते येत होते त्यांच्या कक्षेत गाव नव्हते. पाण्याचे शिक्षण या दोन संस्थांच्या मधल्या फटीत पडले. १९४८ च्या उद्दिष्टात 'सेवावृत्ती' हा शब्द होता, तो १९६९ मध्ये वेगळ्या खात्यात बदली होऊन गेला असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर किनाऱ्याकडे शासनाचे लक्ष गेले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा भीतीने. १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटके उतरली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर कुलाब्याच्या कोळीवाड्याजवळ उतरले, आणि त्यांना हटकले ते तिथल्या मच्छिमारांनीच. सागर रक्षक दले, सागरी पोलीस ठाणी, गस्तीच्या बोटी, मच्छिमारांची ओळखपत्रे हे सारे या दोन घटनांचे फलित आहे. ते आवश्यक नव्हते असे कोण म्हणेल? पण यामुळे किनारा म्हणजे सरहद्द ही कल्पना आणखी घट्ट झाली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून छात्रसेनेच्या विस्ताराची घोषणा झाली. १७३ जिल्हे, एक लाख नवे छात्र, त्यांत एक तृतीयांश मुली. ते जिल्हे 'सीमावर्ती आणि किनारी' असे एका दमात उच्चारले गेले. सरहद्दीवर पहारा देतात. किनाऱ्यावर लोक राहतात, पोहतात, प्रवास करतात आणि बुडतात.

त्या बुडण्याची यादी देणे आम्हांला आवडत नाही, पण दिल्याशिवाय आमचे म्हणणे पुरे होत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलामुलींनी भरलेली होडी उलटली, तीन मुली गेल्या. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला, गावकऱ्यांना सुरक्षित जागी नेणारी गावचीच बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्याने उलटली. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा मुले आणि दोन शिक्षिका. म्हणून वर म्हटले की तलावाची थट्टा करू नये. आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर नौदलाची चाचणीवर असलेली वेगवान बोट आदळली. लाँचमध्ये शंभराहून अधिक प्रवासी होते. मृतांचा आकडा पंधरावर गेला, त्यांत नौदलाच्या बोटीवरचेही होते. प्रवाशांच्या अंगावर जाकिटे नव्हती. नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या नौकांबरोबर बंदराची पायलट बोट आणि आसपासच्या लहान बोटी धावून आल्या म्हणून बाकीचे वाचले. म्हणजे पुन्हा रेवसच्या होड्यांचीच गोष्ट, सत्याहत्तर वर्षांनंतर आणि जवळजवळ त्याच पाण्यात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वीस वर्षांच्या मुलांनी हे का करावे? परवाने देणारे, तपासणी करणारे खाते आहे. महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून आहे. १९१७ चा अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला आहे. लाँचमालकाने जाकिटे ठेवावीत, अधिकाऱ्याने तपासावीत, विद्यार्थ्याने अभ्यास करावा. तत्त्वतः हे मान्य. शासनाचे काम फुकट्या स्वयंसेवकांच्या गळ्यात घालण्याची जी टूम अलीकडे निघाली आहे तिचे आम्ही समर्थक नाही. परंतु जाकीट होडीत असणे आणि ते अंगावर असणे यांत जे अंतर आहे ते कायद्याने कापले जात नाही. ब्रह्मनाळच्या बोटीत माणसे चढत होती तेव्हा 'आता पुरे, पुढच्या फेरीला या' असे म्हणू शकणारा, आणि ज्याचे लोक ऐकतील असा, एक माणूस तिथे हवा होता. तो अधिकारी असण्याची गरज नव्हती. त्याला होडीचा भार समजणे आणि गर्दीपुढे उभे राहण्याची सवय असणे पुरेसे होते. भार समजणे आम्हांला नौदल विभागात शिकवले होते. गर्दीपुढे उभे राहणे सेवा योजनेच्या मुलांना येत होते. दोन्ही एकाच मुलाला शिकवलेले नव्हते.

अलीकडे या फटीवर फळी टाकण्याचा एक प्रयत्न दिसतो. 'आपदा मित्र' या योजनेत २०१६ पासून पूरप्रवण जिल्ह्यांतल्या स्थानिकांना आपत्तीतल्या मदतकार्याचे शिक्षण दिले जाऊ लागले, आणि आता 'युवा आपदा मित्र' या नावाने छात्रसेना, सेवा योजना, स्काउट-गाइड यांच्या स्वयंसेवकांना एकत्र घेण्यात येत आहे. १९६९ मध्ये वेगळे झालेले दोघे निदान एका हजेरीपटावर आले. त्यात पाण्याचा भाग किती, आणि तो भाग शिकवायला तांडेल बोलावला जाणार की फक्त चित्रफीत दाखवली जाणार, यावर सारे अवलंबून आहे. आमची सूचना विचाराल तर ती फार लहान आहे. नौदल विभागाच्या वहीत मोर्सच्या शेजारी पाऊणपटीचा हिशेब लिहावा; 'सी' प्रमाणपत्राच्या परीक्षेला व्हेलर वल्हवण्याबरोबर भरलेल्या लाँचमधल्या पन्नास अनोळखी माणसांना जाकिटे घालायला लावणे हाही एक विषय असावा; आणि रेवस, मांडवा, वसई, दाभोळ अशा तरींवर सणासुदीच्या गर्दीच्या दिवशी छात्र उभे असावेत, दंड न करणारे. आणि कोळीवाड्यातल्या ज्या मुली-मुलांची पहिलीच पिढी आता महाविद्यालयात येते आहे त्यांना या तुकड्यांत शिकणारे म्हणून बसवण्याआधी थोडे शिकवू द्यावे.

हा लेख लिहायला घेतल्यावर आम्ही दोघे गेल्या हिवाळ्यात गेटवेहून घारापुरीला जाऊन आलो. जाकिटे सक्तीची झाली आहेत. चढताना ती हातात दिली जातात. नारिंगी रंग उन्हाने पिवळट पडलेला, काहींच्या पट्ट्या शाबूत, काहींच्या नाहीत. आमच्या समोर कुठल्याशा महाविद्यालयाची सहल बसली होती. जाकीट घालून सर्वांनी फोटो काढले आणि लाँच धक्क्यापासून सुटल्यावर दहा मिनिटांत बहुतेकांनी ती काढून मांडीवर घेतली, काहींनी बसायला खाली घातली. उकडत होते, हे खरे. एका मुलीने मात्र घातलेले ठेवले होते आणि शेजारच्या आजीबाईंची पट्टी बांधून देण्याचा ती प्रयत्न करत होती. खटका तुटलेला होता. बराच वेळ खटपट करून तिने दोन टोकांची गाठ मारली आणि ओढून पाहिली. ती साधी निरगाठ होती, ओल्या दोरीला सुटणार नाही अशी. आमच्यातल्या एकाने पुढे सरकून तिला ती सोडायला सांगितली आणि बोलाइन कशी मारायची ते दाखवले. दुसऱ्या खेपेला तिला जमली. आजीबाईंनी विचारले, भरती केव्हा आहे? आम्ही तिथी विचारली. पंचमी होती, म्हणजे पावणेचारच्या सुमारास.